उकळलेली उष्टी हळद

माझ्या लग्नात हळद लागायच्या आधीच मी पिवळा ठरलो होतो.

नैरोबीच्या नोकरीतून रजा काढून मी लग्नासाठी मुंबईच्या सहार विमानतळावर उतरलो. आफ्रिकेतून आलेल्यांना पिवळ्या तापाची लस टोचलीय का, हे तिथले डॉक्टर तपासत. माझी टोचलेली होती. सुटलो! बाहेर होणारे सासरे नाना मुलुंडहून हार घेऊन आलेले.

"उशीर केलात, जावईबापू?"

"काही नाही हो, पिवळ्या तापासाठी बाजूला घेतलं होतं."

(पुढे 'लस टोचलीय' म्हणायला माझी जीभ झिजत होती?) नानांनी हार माझ्या हातात ठेवला. "तुमचा तुम्हीच घाला."

मग मी लसीचं सांगितलं. पण वेळ गेली होती. टॅक्सीत ते पुढे बसले आणि आरशातून माझे डोळे न्याहाळत राहिले.

"लघवी होते ना?"

"होते की!"

"रंग विचारतोय!"

दुसऱ्या दिवशी अंधेरीला आमच्याकडे हळद. माझी उष्टी हळद नवरीला, सुलभाला, लावायला मुलुंडला जायची होती. आईने वाटी भरली, तोच नाना त्यांच्या डॉक्टरांना घेऊन हजर!

"तापाच्या माणसाची उष्टी हळद माझ्या मुलीला? लग्न पुढे ढकला!"

पुढे ढकला? रजा संपली की मी परत नैरोबीला, आणि सुलभा कायमची मुलुंडला!

"माझ्या झिलाक काय एक झाला नाय हां!" आई कडाडली.

डॉक्टरांनी पाटावर उघडाबंब बसलेल्या मला पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा.

"हे असे कधीपासून?"

"सकाळपासून!" आत्या उत्साहाने म्हणाली.

मला आंघोळ घातली. साबणाची वडी संपली, पिवळेपणा जाईना. "बघा, जात नाहीये!" नाना जिंकल्यासारखे ओरडले. डॉक्टरांनी माझ्या पापण्या ओढल्या. "बहुतेक ठीक आहे."

"बहुतेक?" नानांनी तो शब्दच धरून ठेवला.

इतक्यात शेजाऱ्यांकडे सुलभाचा फोन आला. "नानांना सांगा, हळद घेऊनच या. लग्न उद्याच होणार!"

मी विरघळलोच. माझ्यावर एवढा विश्वास! नाना नमले, पण वाटीतली हळद आमच्याच स्टोव्हवर पिठल्यासारखी रटरटा उकळून मगच घेऊन गेले.

लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला. सुलभाने हार घालताना माझ्या डोळ्यांत खोल खोल पाहिलं. मी तर लाजलोच!

"अहो," ती कुजबुजली, "जरा वर बघा ना. पांढरे आहेत का बघते."

आणि मी, भर मांडवात, न सांगता जीभसुद्धा काढून दाखवली.