साडूच्या पाठीवरची थाप

गल्लीत सगळे त्याला बॉबिन म्हणत. शिलाईमशीन दुरुस्त करणारा माणूस. अंगानं बुटका, एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ! मशीन कितीही कुरकुरत येवो, हा आधी तेलाची बुदली उचलणार, सांध्यासांध्यात थेंब सोडणार, चाक फिरवून कान देणार आणि मगच तोंड उघडणार. कामात वाघ, बायकोवर जीव. शेजाऱ्यानं नवी गाडी घेतली तरी याच्या पोटात कधी दुखलं नाही. दुखायचं ते एकाच माणसापायी. साडू!

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, लिफ्टचा इलेक्ट्रिशियन. इस्त्रीचा शर्ट घालून कामाला जायचा आणि तसाच इस्त्रीत परत यायचा. माणूस लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो आणि कॉलर पांढरी ती पांढरीच? बॉबिनला यात काहीतरी काळंबेरं वाटे. सासऱ्यांच्या तोंडी मात्र ऊठसूट मोठे जावई. पंखा बिघडला, मोठ्या जावयांना विचारा. दाढ दुखली, मोठ्या जावयांना विचारा! एकदा या मोठ्या जावयांनी नळाचा वायसर बदलला, तर म्हाताऱ्यानं उठून त्यांची पाठ थोपटली. बॉबिननं सासूबाईंचं अख्खं मशीन नवंकोरं करून दिलं, तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला, "आवाज कमी झाला वाटतं." बस्स. एवढी वर्षं झाली लग्नाला, पण ती थाप काही याच्या पाठीवर पडली नाही.

सासऱ्यांचं पूर्वी छोटंसं हॉटेल होतं. तिथं कोपऱ्यात पिनबॉलचं मशीन असे. काचेखाली उतरती रंगीत फळी, तिच्यावर दिवे नि घंट्या, आणि घरंगळत येणारी पोलादी गोळी परत वर टोलवायला दोन फ्लिपर. हॉटेल बंद पडलं, मशीन गोदामात गेलं. आता म्हाताऱ्याच्या मनानं घेतलं, "एकदा ते वाजताना ऐकायचंय."

"आणा आमच्याकडे!" बॉबिन ओरडलाच.

मशीन पुढच्या खोलीत आलं आणि पलंग आत गेला. बायको म्हणाली, "अहो, आता मलाही गोदामात ठेवून या."

बॉबिननं ऐकलं नाही. पायांचा गंज काढला, वाळलेली रबरं बदलली, फळी मेण लावून घासली, घंट्यांचे वाकडे टोले सरळ केले. वायरींच्या गुंत्यापाशी मात्र हात टेकले. बायकोनं न विचारता भाऊजींना फोन लावला. साडू रविवारी आला, बारीक कानशीनं स्विचचं टोक न टोक घासलं, दोन वायरी जोडल्या, आणि दिवे लागले! लगेच ताईचा घरोघर फोन, "आमच्या ह्यांनी मशीन चालू केलं हो!"

बॉबिनच्या अंगाचा तिळपापड झाला. महिनाभर घासलं कुणी? आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जातंय! त्यातून निघताना साडू म्हणाला, "पुढच्या रविवारी बाबांना घेऊन येतो. तोवर हात लावू नका बरं का."

हात लावू नका? माझ्या घरात, मला? साडूची पाठ वळते न वळते तोच बॉबिननं फळी उचलली. फ्लिपर त्याला कोरडे वाटले. मग काय, हात सवयीनं जायचा तिथंच गेला. फ्लिपर ढकलणाऱ्या, कॉइलमधून मागंपुढं धावणाऱ्या प्रत्येक लोखंडी कांडीला त्यानं मायेनं तेल पाजलं. फ्लिपर असे हलके झाले म्हणता! रोज संध्याकाळी नवरा-बायको खेळले. शिलाईमशीन तेलावर जगतं, पण या कांड्या कोरड्याच लागतात. तेल तापतं, आतल्या काळ्या भुकटीत कालवतं आणि सगळं चिकटून बसतं. हे साडूला ठाऊक होतं. पण साडूला विचारील तो बॉबिन कसला!

रविवारी सगळे जमले. म्हाताऱ्यानं स्प्रिंग ओढून सोडली. गोळी वर गेली, घंट्या खणखणल्या, म्हातारा लहान पोरासारखा हसला. गोळी खाली आली, त्यानं बटणं दाबली. डावा फ्लिपर उठला तो उठलेलाच राहिला, उजवा हललाही नाही. गोळी मधून सरळ भोकात.

साडूनं मशीन बंद करून फळी उचलली, आत बोट फिरवलं. बोट काळं, चिकट. त्यानं वास घेतला आणि बॉबिनकडे पाहिलं. बॉबिनचा जीव टांगणीला लागला.

"बाबा, चूक माझी," साडू म्हणाला. "माझ्या हातून तेल सांडलं आत."

म्हाताऱ्यानं वाकून आत पाहिलं, मग साडूकडे पाहिलं, आणि जवळ जाऊन त्याची पाठ थोपटली.

दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणाला असता. याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चूक आपली आणि थाप साडूला?

"अहो बाबा, तेल मी घातलं!" तो बक्षीस मागितल्यासारखा ओरडला. "एकूण एक कांडीला मी घातलं, माझ्या हातानं!"

बायकोनं कपाळाला हात लावला.

"दिसतंय की," म्हातारा म्हणाला. "सांडलेलं तेल असं सगळीकडे सारखं लागत नाही."

"मग त्यांची पाठ कशाला थोपटलीत?"

"तुमच्यासाठी खोटं बोलले म्हणून. तुम्ही बोलला असता त्यांच्यासाठी?"

बॉबिननं तोंड उघडलं. कितीही झालं तरी माणूस सच्चा, हो म्हणवेना.

तो खाली बसला, एकेक कांडी काढून फडक्यानं पुसू लागला. साडूनं अस्तन्या सारल्या आणि शेजारी बसून टॉर्च धरला. न सांगता उजेड हवा तिथंच पडत होता.

'लेकाच्याला टॉर्चसुद्धा नीट धरता येतो,' बॉबिन मनात चरफडला, आणि पुढची कांडी घ्यायला त्यानं साडूपुढं हात केला.