पाव महालाचा चढ

आमच्या सायकल ग्रुपात चढ मोजायचं माप एकच. नगरच्या बाहेर डोंगरावर चांदबीबीचा महाल आहे, त्याचा चढ म्हणजे एक. बाकीचे सगळे चढ त्याच्या हिशेबात सांगायचे. अर्धा महाल, पाऊण महाल, सव्वा महाल. उंची सांगणारी घड्याळं चार-पाच जणांच्या मनगटावर आहेत, पण चहाच्या टपरीवर मीटर कोणी विचारत नाही. "किती महाल?" एवढंच विचारतात, आणि त्यावर माणूस येतो किंवा येत नाही.

दुसरी रीत पाहणीची. दोन दिवसांची सहल ठरली की एकाने तो रस्ता आधी एकट्याने सायकलवर काढायचा आणि कागद करायचा. पाणी कुठे, पंक्चरवाला कुठे, कुत्री कुठे, कुठला चढ किती महाल. त्याची झेरॉक्स सगळ्यांना मिळते. बरीच वर्षं हे काम माझ्याकडे आहे. वेग बेताचा पण कागद चोख, अशी माझी ख्याती होती. ती मला आवडायची.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता भंडारदऱ्याची सहल ठरली. सायकली टेम्पोत घालून राजूरपर्यंत न्यायच्या, शनिवारी तिथून धरणाच्या गावी जाऊन मुक्काम करायचा, आणि रविवारी धरणाला पूर्ण वळसा घालायचा. त्या दिवसांत तिकडचे डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळे झालेले असतात. बारा नावं आली. त्यात ताईंचं एक होतं.

ताई सावेडीतच, आमच्या मागच्या गल्लीत राहतात. शाळेत शिकवतात, पन्नाशीच्या आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी व्यायाम करा म्हटल्यावर त्या आमच्यात आल्या. कमी बोलायच्या, मागे राहायच्या, पण अर्ध्या रस्त्यातून कधी परत गेल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात त्यांनी महालाचा चढ खाली न उतरता पार केला, तेव्हा टपरीवाल्याने स्वतःची खुर्ची पुसून त्यांना बसायला दिली होती.

पाहणीच्या रविवारी माझा मेव्हणा नवी गाडी घेऊन दारात आला. "दाजी, सायकलवर कशाला मरता? गाडीतून दाखवतो तुमचं धरण." मी नको म्हणालो, पण ते कसलं नको होतं हे दोघांनाही कळत होतं. दोन महिने माझा सराव बुडाला होता आणि ते मी ग्रुपात कोणाला सांगितलं नव्हतं. सायकल गाडीच्या मागे अडकवली, बायकोने गोडीशेवेची पुडी घेतली, आणि निघालो. धरणाच्या वळशावर जंगलात एक चढ लागला. मेव्हण्याने गिअर बदलला आणि गाडी सुरळीत वर गेली. काचा बंद होत्या. मी शेव खात खात मांडीवरच्या कागदावर लिहिलं: हलका चढ, पाव महाल.

पुढे पाण्याजवळ गाडी थांबवून मी सायकल खाली काढली, बाटलीतलं पाणी तोंडावर ओतून घेतलं आणि धरणाकडे पाठ करून फोटो काढवला. बायको म्हणाली, "हा काय पोरकटपणा?" मी तो फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'पाहणी पूर्ण'. अकराच्या अकरा अंगठे आले. आज तो फोटो समोर आला की माझी मलाच किळस येते.

पुढच्या शनिवारी टपरीवर कागद वाटले. टेम्पो कोणाचा, जेवण कुठे, पिठलं-भाकरी की पुलाव, यावर तासभर काथ्याकूट झाला आणि मंडळी पांगली. ताई मात्र कागद हातात धरून थांबल्या होत्या.

"दादा, खरं सांगा, हा वळसा मला झेपेल? घरी सगळे नको म्हणतायत. पण हा एक वळसा न उतरता झाला ना, की मी बरी झाले असं धरणार आहे. मनाशी ठरवलंय तसं."

'ताई, मी गाडीतून गेलो होतो.' पाच शब्द होते. ते सोडून मी म्हणालो, "अख्खा महाल चढलात तुम्ही. हा तर पाव आहे. झोपेत चढाल."

"तुम्ही चालवून आलात म्हणून विचारलं," त्या म्हणाल्या, आणि कागदाची नीट घडी करून त्यांनी ती पर्समध्ये ठेवली.

चढ सोपा आहे असं मला खरंच वाटत होतं. पण गाडीत बसून वाटणं आणि पायाखाली पायडल असणं यातला फरक सगळ्यांना ऐकवत फिरणारा मीच होतो.

शनिवार झकास गेला. रविवारी मी गुडघ्याचं निमित्त सांगून टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसलो. गुडघा दुखत होता, पण सांगितला तेवढा नाही. जंगलातला चढ सुरू झाला तशी तरणी मंडळी उभी राहून पायडल मारत वर गेली. त्यांच्यातला एक वरच्या वळणावरून म्हणाला, "काका, हा पाव महाल?" मी खिडकीतून उत्तर दिलं, "पावसाने रस्ता उखडलाय रे. महिन्यापूर्वी असा नव्हता." सगळे हसले. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या मनात तर उत्तरही तयार होतं.

ताई सगळ्यांत मागे होत्या आणि त्यांच्या मागे आमचा टेम्पो. त्यांचा कुडता पाठीला चिकटला होता. वाटेत एक मोरी होती, तिच्याखालून ओढ्याचं पाणी जात होतं. मोरी त्यांनी ओलांडली. पुढे एका उंबरापर्यंत सायकल हलत, डुगडुगत गेली, आणि तिथे त्यांनी पाय टेकला. ड्रायव्हरने उतरून सायकल मागे चढवली. ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ त्यांना धाप लागली होती.

"पाव महालसुद्धा झाला नाही हो दादा," त्या म्हणाल्या. "तुमचा काही दोष नाही. माझ्यातच काही उरलं नाही आता."

मी त्यांना पाण्याची बाटली दिली. 

त्यानंतर ताई शनिवारी येईनाशा झाल्या. ग्रुपवर कोणी विचारलं की 'तब्येत' एवढंच लिहायच्या. मागच्या गल्लीतून जाताना त्यांच्या पार्किंगमध्ये कापड घातलेली सायकल दिसायची. मी त्या गल्लीने जाणं सोडलं. शहाण्यासारखा वळसा घालून दूध आणायला लागलो.

डिसेंबरात एकदाचा सराव करून, मेव्हण्याची गाडी मागून घेतली, सायकल तिला अडकवली आणि मी एकटाच गेलो. कोणाला सांगितलं नाही. रस्ता तोच होता, उखडलेला वगैरे काही नव्हता. पहिल्या वळणावर छाती भरून आली. मोरी समोर दिसत होती, तिच्या अलीकडे चाळीसएक पावलांवर माझा पाय आपोआप जमिनीला लागला. शेजारी एक म्हातारे बाबा गुरं राखत बसले होते.

"लई खडा चढ हाय हा," ते म्हणाले. "आमची गुरंबी इथं दम खात्यात. उतरायला काय लाज हाय?"

मी सायकल ढकलत मोरीपर्यंत गेलो, तिथून उंबरापर्यंत. तेवढं अंतर त्या बाई सायकलवर बसून गेल्या होत्या.

त्याच संध्याकाळी ताईंच्या घरी गेलो. पार्किंगमध्ये सायकल नव्हती. बेलापूरला कॉलेजात जाणाऱ्या भाचीला आठवड्यापूर्वीच दिली, असं त्यांच्या यजमानांनी सांगितलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. गाडी, शेव, फोटो, गुडघा.  ताईंनी एकच विचारलं.

"तुम्ही कुठे उतरलात?"

"मोरीच्या अलीकडे."

"मी उंबरापर्यंत गेले होते," त्या म्हणाल्या. हे त्या मला सांगत नव्हत्या. मग आत जाऊन त्यांनी पर्समधला तो कागद आणला आणि माझ्यासमोर पेन ठेवलं. मी 'पाव' खोडून 'दीड' लिहिलं. कागदाकडे बघून त्या म्हणाल्या, "आता हेच ग्रुपवर टाका. सगळ्यांदेखत सांगितलं होतंत, सगळ्यांदेखतच दुरुस्त करा."

हो म्हणून आलो. त्याला आता तीन महिने झाले. ग्रुपवर पुढच्या सहलीची जुळवाजुळव चालू आहे, आणि पाहणी काकांकडेच द्या असं एकाने लिहिलंय. त्याखाली बरेच अंगठे आहेत. ताईंचा नाही, पण त्या ग्रुपमधून बाहेरही पडलेल्या नाहीत. त्या वाट बघतायत हे मला कळतं. मी चार वेळा ते सगळं टाइप केलं आणि चार वेळा पुसलं. इथे मात्र ते लिहून झालं, कारण इथे माझं नाव नाही.