काहीच न्हाई, असं लिहा

नांदेडात रस्त्यावर अपघात झाला की तो बघितलेला माणूस संध्याकाळच्या गाडीनं आपल्या गावी निघून जातो. यात्रेकरूंचं शहर आहे. धडक देणारी जीप परराज्यातली, बघणारे परराज्यातले, आणि पोलीस येईपर्यंत गर्दी पांगलेली. म्हणून इथले भरपाईचे दावे लवकर मिटतात आणि स्वस्तात मिटतात. एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंगला बसायला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं आणि मी त्यावर ताबडतोब एक पत्रक लिहून काढलं. वकीलसाहेबांनी ते शेवटपर्यंत वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नेते, जोरदार झालंय. आता जरा ही नोटीस टाईप करता का?"

वकीलसाहेब इतवारा भागातल्या जुन्या मुसलमान घरातले. त्यांच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि आवाज न चढवता काम करायची सवय बहुतेक तिथूनच आलेली. मी पत्रकं लिहायला शिकलो ते आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर. तिथं हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नसे.

भरपाईचा अंदाज काढायची रीत त्यांनी मला शिकवली. जखमी माणूस वर्षाला कमावतो किती, ते बघायचं. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. मग अपंगत्वाच्या दाखल्यावर जेवढे टक्के असतील तेवढा हिस्सा धरायचा, वर दवाखान्याचा खर्च. म्हणजे डॉक्टरचा हात महाग आणि विटा उचलणाऱ्याचा स्वस्त. मला याची तेव्हाही चीड होती, आजही आहे. पण रीत तीच होती, आणि लातूरच्या एका मावशींचा अर्ज मी त्याच रीतीनं भरायला बसलो.

मावशी नात्यातल्या लग्नाला नांदेडला आल्या होत्या. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर यात्रेकरूंची जीप मागं येताना त्यांना लागली. उजवं मनगट मोडलं ते वाकडंच जुळलं. मुठीत काही धरलं की गळून पडायचं.

"मावशी, काम काय करता?"

"काही न्हाई."

"उत्पन्न?"

"कशाचं उत्पन्न, बाबा. काहीच न्हाई, असं लिहा."

मी लिहिलं. वर 'निराधार' हा शब्द माझ्या पदरचा घातला. पत्रकातली बाई निराधारच असते.

काही महिन्यांनी प्रकरण लोकअदालतीत तडजोडीला निघालं. जीपच्या विमा कंपनीनं आपला आकडा आधी कळवला. मावशी लातूरहून आल्या, आकडा ऐकला आणि म्हणाल्या, "एवढ्यात तर भाकऱ्या थापायला बाई बी ठिवता यायची न्हाई. जूनला पोरं येतील, मी काय करू?"

"कोणती पोरं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

तेव्हा कळलं. भूकंपात गाव गेल्यावर मावशी लातुरात आल्या होत्या. क्लासेसच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन मेस चालवत होत्या. हदगाव, हिमायतनगर, मुरुड, कुठकुठची पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला तिथं येऊन राहायची आणि दोन्ही वेळा यांच्याकडं जेवायची. हात मोडल्यापासून मेस बंद. पोरं दुसरीकडं गेली. नव्या बॅचला दार उघडलं नाही तर ती गल्ली मावशींना विसरणार होती.

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, मग काहीच नाही असं का सांगितलं?"

"भूकंपात पंचनाम्याला साहेब आले तवा माझी शेजारीण खरं बोलली. मागची खोली हाय म्हणली, कणगी शाबूत हाय म्हणली. तिला कमी मिळालं. मी म्हणलं काहीच न्हाई राहिलं. मला घर मिळालं. कागद घेऊन बसलेल्या माणसापुढं हाय म्हणू न्हाई, एवढं कळतंय मला."

"तो हिशोब पडझडीचा होता. इथं उलटी गंगा आहे. जेवढं होतं म्हणाल, तेवढंच गेलं असं धरतात."

मावशींनी डाव्या हातानं मांडीवरची पिशवी चाचपली. मग म्हणाल्या, "आन माझं पिवळं रेशनकार्ड?"

"जाईल कदाचित," वकीलसाहेब म्हणाले. "मी तुम्हाला जाणार नाही असं सांगणार नाही."

अर्जात दुरुस्ती झाली. पण मेसचा एक कागद नव्हता. लोकअदालतीत टेबलापलीकडं एक निवृत्त न्यायाधीश, शेजारी विमा कंपनीचे अधिकारी. अधिकाऱ्यांनी दोन्ही अर्ज समोरासमोर ठेवले.

"आधी उत्पन्न नाही, आता एकदम मेस. पावतीपुस्तक आहे? परवाना?"

"न्हाई."

"मग आम्ही मानायचं कसं?"

मी अर्धा उठलो होतो. वकीलसाहेबांनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

"साहेब, तुमाला लेकरं किती?" मावशींनी विचारलं.

"दोन. का?"

"थोरलं काय करतंय?"

"बारावीला आहे."

"कुठं?"

अधिकाऱ्यांनी अर्जावरून मान वर केली. "लातूरला," ते म्हणाले, आणि न्यायाधीश हसले.

"जेवतंय कुठं?"

"मेसला."

"ती बाई पावती देती?"

"नाही देत."

"पर पैसं घेती का न्हाई? का फुकट जेवू घालती तुमच्या लेकराला?"

माणूस वाईट नव्हता. तोही हसला आणि कोऱ्या कागदावर नव्यानं गुणाकार करायला लागला.

नवा आकडा पहिल्यापेक्षा बराच मोठा होता आणि हक्काच्या आकड्यापेक्षा बराच लहान. मी मावशींना बाजूला घेतलं. "घेऊ नका. कोर्टात जाऊ, लढू."

"जीप बघितलेला माणूस आणशील?"

"शोधू ना."

"तंवर चुलीवर काय तुझं पत्रक भाजू?"

वकीलसाहेबांनी खिडकीकडं तोंड केलं. मावशींनी डाव्या हातानं सही केली, एकेक अक्षर दाबून. मला ती तडजोड तेव्हा पटली नाही. साक्षीदार गाडीत बसून गेला म्हणून माणसाचा हक्क कमी होतो, हे मला अजूनही पटत नाही. पण जून माझा नव्हता, त्यांचा होता.

पावसाळ्यात क्लासच्या फीवाढीविरुद्धच्या बैठकीसाठी लातूरला गेलो होतो, तेव्हा दुपारी जेवायला मावशींकडं गेलो. आत दोन बाया भाकऱ्या थापत होत्या. पोरं पुस्तकं मांडीखाली घेऊन पंगतीला बसली होती. मावशी डाव्या हातानं आमटी वाढत होत्या आणि मधूनच "ती करपून राहिली बघ" असं आत ओरडत होत्या.

"कार्ड?" मी विचारलं.

"गेलं. तहसीलातून माणूस आला, काय करता म्हणला. मेस हाय म्हणलं. एवढ्या लोकात बोलून बसले, आता कुणापासून लपवू?" त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "साखर, राकेल बाजारभावानं घेते आता. महाग पडतंय. तुझ्या वकिलाला सांग."

उठताना मी खिशात हात घातला. त्यांनी पूर्ण ताटाचे पैसे घेतले, सुट्टे परत दिले आणि ताट धुवायचा नळ दाखवला.