परक्या हातचा घास

माझी लेक सव्वीस वर्षांची होती तेव्हाची ही गोष्ट. जन्मापासून तिचे हातपाय तिचं ऐकत नाहीत. बोलताही येत नाही, पण आवडीनिवडी मात्र खणखणीत. वरणभात हाताने कालवून बोटांनी भरवला तरच खाणार. चमचा दिसला की तोंड घट्ट बंद.

कॅनडात, मार्कहॅमच्या आमच्या घरी प्रांत सरकारच्या खर्चाने मदतनीस बायका यायच्या. कोणाला पाठवायचं ते एजन्सी ठरवायची. सारखा नवा चेहरा, हातात ग्लव्हज आणि चमच्याचाच नियम. लेक खायची नाही, त्या घड्याळ बघायच्या, मी चिडायचे. शेवटी मीच भरवायचे. त्यापायी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन लांबणीवर पडत होतं. पण खरी भीती गुडघ्याची नव्हती. माझ्यामागे हिला कोण भरवणार, या विचाराने जीव टांगणीला लागलेला असायचा.

दोन हजार सतराच्या आसपास प्रांताने घरच्या शुश्रूषेचा कायदा बदलला. आता मदतनीस आम्हीच निवडायची आणि काम कसं करायचं तेही आम्हीच सांगायचं. निवडणुकीआधीचं गाजर, असं मी म्हणून टाकलं. पण ते खरंच झालं. आम्ही मागच्या गल्लीतली एक तमिळ बाई निवडली.

पहिल्या दिवशी तिने हात धुऊन भात मऊ कालवला. मी खुर्चीला खेटून उभी. लेक माझ्याकडेच बघत होती, तोंड मिटून.

“आंटी, यू गो. शी इज लुकिंग ओन्ली ॲट यू,” ती बाई म्हणाली.

मी ढिम्म हलले नाही.

“अगं, चल, ग्रोसरी करून येऊ,” नवरा म्हणाला. “गाडीला विंटर टायर्स लावलेत, बर्फात घसरायचं निमित्त सांगू नकोस.”

दुकानात मी कोथिंबिरीची एकच जुडी उचलत-ठेवत राहिले आणि नवऱ्यावर उगाचच डाफरले.

परतलो तर बाई ताटली धूत होती. भात कचऱ्यात गेला असणार, याची मला खात्रीच होती. मी लगेच दुसरा भात कालवला आणि लेकीच्या तोंडाशी घास नेला. तिने मान फिरवली. पुन्हा नेला, तर माझ्या तोंडावर खणखणीत ढेकर दिला.

तिचं पोट भरलं होतं. माझ्याशिवाय.

तो घास मी उभ्याउभ्याच खाल्ला, रडत रडत. मग नवऱ्याला म्हटलं, “सर्जनला फोन लाव.”