सरकारी मासे वयात कधी येतात

किस्से जमवावे लागत नाहीत. पाणी साचलं की डास होतात, तशी चार माणसं एका कचेरीत साचली की किस्से होतात. आमची कचेरी म्हणजे राहुरीकडे कालव्याकाठी सिमेंटचे चार हौद. मी कलकत्त्याला प्राणिशास्त्र शिकून, देशाचं काम करायचं म्हणून हट्टानं इकडे परतलो होतो. लढाईमुळे तापावरचं कोयनेल मिळत नव्हतं आणि कालव्याखालची गावं दर पावसाळ्यात हिवतापानं झुरत होती. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे वाढवायचे आणि पावसाआधी विहिरींत सोडायचे, एवढंच आमचं काम.

*

पहिल्याच दिवशी मी साहेबांना समजावलं. नर लवकर रंगतो आणि लगेच माद्यांच्या मागं लागतो. पण मादी अंगानं भरेपर्यंत तिला वेगळ्या हौदात ठेवायची. कोवळेपणी पिल्लं झाली तर थोडी होतात, आणि तिची स्वतःची वाढ खुंटते. किती दिवस लागतील ते पाण्याच्या उबेवर आणि खाण्यावर.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"रिपोर्ट महिनाअखेरीस जातो. मासे सरकारी आहेत. महिनाअखेरीस वयात येतील."

*

पहिल्या काही माद्या भरल्या. आता त्यांच्यात नर सोडायचे, तर हौदांवरच्या जाळ्यांच्या किल्ल्या हेडक्लार्क पंतांकडे, आणि पंत त्या देईनात. गुरूचा अस्त चालू आहे, म्हणाले, या दिवसांत लग्नं लागत नाहीत. थट्टा समजून मी हसलो. पंत हसले नाहीत.

"पंत, मासे हिंदू आहेत का?"

"विहीर हिंदूंची आहे."

गुरूचा उदय होईपर्यंत नर इकडे, माद्या तिकडे.

*

गुरू उगवला, नर सोडले, आणि मग गावचे पाटील मासे बघायला आले. मोठे बागाईतदार, जनावरांचे दर्दी. कालवडीचे दात बघतात, मग हिचं काय बघायचं, असं त्यांनी विचारलं. मी एक मादी काचेच्या बरणीत घेतली आणि तिचं फुगलेलं पोट, शेपटीकडचा काळसर डाग दाखवला. पाटलांनी बरणी उन्हात फिरवून फिरवून पाहिली. एका तरी माणसाला माझं बोलणं पटतंय, म्हणून मी हरखून गेलो.

"म्हंजी गाभन हाय म्हना की," पाटील म्हणाले. "येवढ्यासाठी कलकत्त्याला गेल्ता?"

*

पावसाच्या तोंडावर बडे साहेब दौऱ्यावर आले. त्यांच्यासमोर पाटलांच्या विहिरीत मासे सोडायचं ठरलं. भरलेल्या माद्या मूठभरच, आणि आकडा तर मोठा हवा. आमच्या साहेबांनी नखाएवढी पिल्लं सोडायला लावली. विहिरीत मासेखाऊ मरळ आहे, ही पिल्लं तिच्या एका घासाची आहेत, हे मी कळकळीनं सांगितलं. विहिरीला झेंडूचं तोरण लागलं, टाळ्या झाल्या. आठवड्यात विहीर रिकामी.

खऱ्या तयार माद्या मागं राहिल्या होत्या. महारवाड्यातला शिवराम हौदांवर मजुरी करायचा. महारवाड्यात घरोघरी ताप होता. त्यांच्या विहिरीत तरी त्या सोडू द्या, म्हणून मी भांडायच्या तयारीनंच साहेबांकडे गेलो. भांडावं लागलं नाही.

"टाका की. तिकडं कोण तपासायला जातंय?"

*

शिवरामनं आधी विहिरीतली मरळ धरली, मग माद्या सोडल्या. पावसाळा निम्मा झाला तेव्हा त्या विहिरीत घागर बुडवावी तर मासे बाजूला सारावे लागत. पाटलांच्या विहिरीत नुसत्या अळ्या वळवळत होत्या.

एका सकाळी पाटील हौदांवर आले. खांद्यावर तीन वर्षांचा नातू, तापानं ग्लानीत. मी म्हटलं, तासाभरात तुमच्या विहिरीत मासे सोडतो. शिवराम आपल्या विहिरीतल्या माद्यांची भरली बादली घेऊन उभाच होता. पाटलांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, बादलीत पाहिलं. पोटं, डाग, सगळं बरोबर ओळखलं.

"ही न्हाई चालायची. त्या पान्यातली हाय." मग पंतांकडे वळून, "पर हिची पिल्लं सरकारी हौदात झाली, तर?"

पंतांनी डोळे मिटून विचार केला. पिल्लं तिच्याच पोटातली, तेव्हा ती नकोत. त्या पिल्लांची पिल्लं, हौदातच जन्मलेली, चालायला हरकत नाही. पाटलांना ते पटलं. त्यांनी मला विचारलं, त्याला किती दिवस लागतील?

"पाटील, तोवर पावसाळा संपेल. मुलाच्या अंगाला हात लावून बघा."

पाटलांनी नातवाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मंग फुडल्या साली बघू."