लिपस्टिकखालचा डाग

ताईंचं पार्लर आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, मागे मोरी. मोरीच्या दारात उभ्या राहून त्या सिगरेट ओढायच्या, चूळ भरायच्या आणि आत येऊन गिऱ्हाइकाला सांगायच्या, आधी सिगरेट सोडा, मग क्रीमचं बघू. धुरानं कातडीची रया जाते, ती राखेसारखी दिसते, ओठांभोवती रेघा पडतात. उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, तोंड धुतल्यावर ओलं असतानाच क्रीम चोळा, झोप पुरी करा. ज्यांनी ऐकलं, त्यांचे चेहरे खरंच सुधारले.

वॅक्सिंगचं काम त्यांची धाकटी बहीण बघायची. ती पुटपुटायची, लोका सांगे ब्रह्मज्ञान. ताई म्हणायच्या, "पुढचं नको म्हणूस, गिऱ्हाईक बसलंय."

मी त्यांच्यापेक्षा खूप लहान. एम. ए. करून घरी बसले होते. दुपारी पुस्तक घेऊन तिथे जायचे, कारण त्यांचा पंखा आमच्यापेक्षा बरा होता. अशीच मैत्री झाली.

एकदा त्यांच्या कपाच्या कडेला लिपस्टिक दिसली, आणि तिच्याशेजारी रक्त. चहा गरम होता, त्या म्हणाल्या. मी पिच्छा सोडला नाही. मग कळलं. खालच्या ओठावर कित्येक महिने पांढरी खपली धरत होती. सिगरेटवाल्यांचे ओठ सुकतातच, म्हणून त्या पार्लर बंद केल्यावर ती स्क्रबनं घासून काढायच्या. वर क्रीम, वर गडद लिपस्टिक. दोन दिवस ओठ मऊ राहायचा. मग पुन्हा खपली.

बहिणीनं आणि मी मिळून त्यांना डॉक्टरकडे जायला तयार केलं.

जायच्या दिवशी त्या पूर्ण मेकअप करून आल्या. दवाखान्यात काय अवतारात जायचं, म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी धरली, क्षणभर पाहिलं आणि बॅटरी खाली ठेवली.

"मला तुमची कला दिसतेय. कातडी दिसत नाहीये. तोंड धुऊन या."

बाहेर बेसिन होतं, आरसा नव्हता. त्यांनी पर्स माझ्याकडे दिली आणि बराच वेळ तोंड धुतलं. मग वळल्या. मी त्यांना लिपस्टिकशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. चेहरा करडा होता. तोंडाभोवती बटव्याच्या नाडीपाशी पडतात तशा चुण्या. ओठावर पांढरा चट्टा, मधे लाल, उघडा.

आरसा नव्हता, म्हणून त्या माझा चेहरा बघत होत्या.

"इतकं वाईट आहे?"

मी नाही म्हटलं. माझं खोटं त्यांना पटलं नाही.

स्क्रबचं ऐकून डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. ही घासून जाणारी खपली नाही, म्हणाल्या. दर वेळी घासून तुम्ही जखमच उघडत होतात. त्यांनी ओठाचा इवलासा तुकडा काढून तपासायला पाठवला. घासणं बंद, लिपस्टिक बंद, सिगरेट बंद.

रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला होता. ताई मास्क लावून काम करायच्या. गिऱ्हाइकानं विचारलं, की सर्दी झालीय म्हणायच्या. हात सारखा ओठाकडे जायचा. धाकटी तो खाली करायची. मोरीच्या दारात त्या आता नुसत्याच उभ्या राहायच्या.

मग रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर नाही. अजून नाही. पण पेशी बदलायला लागल्यात. चट्टा काढावा लागेल, पुढेही तपासत राहावं लागेल. सिगरेट पुन्हा धरलीत तर मी काहीच सांगू शकत नाही.

बहीण रडली, सुटलो म्हणाली. ताईंनी डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यातला एकच शब्द उचलला. घरी येईस्तोवर तोच बोलत होत्या. अजून म्हणजे किती, गं?

चट्टा काढायचा दिवस अजून यायचाय. सकाळी पार्लर उघडायच्या आधी त्या मला खाली बोलावतात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसतात आणि तोंड उजेडाकडे करतात.

"बघ. आणि खरं सांग."

मी वाकून बघते. तो कालच्यापेक्षा मोठा झालाय की नाही, मला कळत नाही.