कोपराची खूण

त्या रविवारी सरावाला मी नेहमीसारखी पर्स ठेवून शालूची खुर्ची अडवली होती. दुसऱ्या ओळीत, खिडकीच्या कडेची. अकोल्याहून गाडीनं बडनेरा, तिथून ऑटोनं अमरावतीच्या आमच्या हॉलवर पोचायला तिला साडेदहा व्हायचे. अकरा वाजले तरी पत्ता नाही. मी मनातल्या मनात तिला चार शब्द सुनावत होते, तेवढ्यात तिच्या सुनेचा फोन आला. "मावशी, आई आज सकाळी उठल्याच नाहीत..." समोर वीस बाया 'आ' लावून उभ्या होत्या. मी फोन ठेवला. पर्स मात्र खुर्चीवरून उचलली नाही. पुढे दोन महिने दर रविवारी ती तिथंच ठेवत राहिले.

आमचं हे बायकांचं समूहगानाचं मंडळ. कुणी शिक्षिका, कुणी बँकेतली, कुणी माझ्यासारखी घरचीच. गाण्यावर पोट कुणाचंच नाही. मी चाळिशीत इथं आले तेव्हा स्वतःला फार मोठी गायिका समजत होते. मोर्शीला माहेरी हळदीकुंकवाच्या चार बायांनी "वा वा" केलं होतं, त्यावर माझी सगळी मिजास. समूहात गायचं म्हणजे आपला आवाज सगळ्यांच्या वर ठेवायचा, एवढंच मला कळे. ओळ संपेपर्यंत श्वास घ्यायचा नाही, मग तोंड टमाट्यासारखं लाल होवो. शेजारी बसायची शालू. सरकारी कचेरीत कारकून, आवाज जाड, जमिनीलगतचा. पहिल्याच दिवशी तिनं मला कोपरानं ढोसलं. मी डोळे वटारले. चहाच्या वेळी म्हणाली, "काहून वं मंदे, जीव द्याचा हाय का तुले? मी ढोसलं का तू दम घे, तवरीक सूर मी सांभाळीन. मग मले दम घेऊ दे, तू सांभाळ. लोकायले वाटलं पाह्यजे का सूर तुटतच नाही." मला अपमान वाटला. श्वास दुसरीला विचारून घ्यायचा!

मग अकोल्याचा कार्यक्रम. आमच्या एका गाण्याच्या शेवटी लांब सूर आहे. पेटीवर बसणाऱ्या सरोजताईंनी हात खाली केला की सगळ्यांनी थांबायचं. सगळ्या थांबल्या. मी मात्र डोळे मिटून गातच राहिले... सभागृह चिडीचूप. मला वाटलं, लोक थक्क झाले! तेवढ्यात शेजारून शालूचा जाड आवाज उठला. तिनं तो सूर खालून पुन्हा उचलला, तिच्यामागे आमची ओळ, मग सगळ्याच. हात दुसऱ्यांदा खाली आला आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट. पाहुणे म्हणाले, शेवट दोनदा उचलण्याची कल्पना फार सुंदर. तेव्हापासून आमच्या मंडळात त्या गाण्याचा शेवट दोनदाच उचलतात. महिनाभर मी घरी सांगत होते की माझ्यामुळे टाळ्या पडल्या. खरं काय घडलं ते सरोजताईंनी सांगितलं. शालूनं कधीच नाही.

रिटायर झाल्यावर ती मुलाकडे अकोल्याला गेली, पण रविवार सोडला नाही. गाडीत तोंडातल्या तोंडात आपली खालच्या सुरातली ओळ घोकायची. मूर्तिजापूरला एकदा शेजारच्या माणसानं विचारलं, "मावशी, पोट दुखून राह्यलं का?" हे सांगताना ती स्वतःच इतकी हसली, की त्या दिवशी आमच्या ओळीचा सराव झालाच नाही. पिशवीत ज्येष्ठमधाची डबी, हंगामात संत्री. सोललेली फोड हातोहात ओळीच्या टोकापर्यंत जायची. सराव संपला की कोपऱ्यावरची कचोरी, तिखट मिरचीसकट. मी घशाचा विषय काढला की म्हणे, "गानं झालं ना आता? मंग कोनासाठी जपून राह्यली?"

पुढच्या रविवारी पुन्हा अकोल्याला कार्यक्रम आहे. सरोजताई म्हणाल्या, "मंदाताई, शेवट साधाच करू. उचलणारी गेली." मी म्हटलं, "समोर तिची माणसं बसतील आणि आपण नेमकं तिचंच गाळायचं? शेवट तोच राहील." "मग धरणार कोण? तुमचा दम पुरतो का?" पुरत नाही, हे खरं. सत्तरी उलटली. स्वयंपाकघरात रोज सूर लावून पाहिला, तर नात म्हणे, "आजी, तुझी शिटी झाली, गॅस बंद करू?"

गेल्या रविवारी मी पर्स उचलली आणि शालूच्या खुर्चीत स्वतः बसले. माझ्या खुर्चीत पहिल्या ओळीतली कविता आणून बसवली. बँकेत असते, आवाज सगळ्यांच्या वर, श्वास घेणं तिला कमीपणाचं वाटतं. शेवटचा सूर लागला, तिचं तोंड लाल झालं, आणि मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं असे काही डोळे वटारले! मी हळूच म्हटलं, "तू दम घे, मी आहो ना." तिनं घेतला. मी धरला. मग माझा दम संपला... आणि सूर तुटला नाही. सरोजताईंचा हात खाली आला, आम्ही तो सूर खालून पुन्हा उचलला.

चहाच्या वेळी कविता दंड चोळत तक्रार घेऊन आली. म्हणाली, "निळा डाग पडेल, काकू." पडू दे. माझ्याही डाव्या दंडावर ती जागा आहे, तीस वर्षं ढोसून ढोसून मऊ झालेली. अजून गाताना तिथं हात जातो, आणि मी दम घेते.